मराठी कुमार-कादंबरीतील मुलगी : पाहिलेली आणि बोललेली



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या बाईंच्या हाताखाली मी आधी शिकले आणि पुढे त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवले. त्यामुळे आजचे बोलणे हे ऋणाची कबुली देण्यासारखे आहे. त्यात एक अपराधाची कबुलीही आहे. ती शेवटी देईन.

कोप्पीकर रोडवरून शाळेत येणाऱ्या आमच्या पिढीला रस्त्यावर कानडी ऐकू येई, घरी मराठी आणि शाळेच्या कपाटात पुण्याहून पार्सलने आलेली पुस्तके. त्या कपाटाला दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर ‘मुलांसाठी’ अशी चिठ्ठी, खालच्या फळीवर ‘मुलींसाठी’. वर समुद्र, जंगले, चोर आणि भुयारे. खाली पतिव्रतांची चरित्रे, विणकाम आणि पाककृती. बाई रुजू झाल्या त्या वर्षी त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या काढून टाकल्या. एवढेच केले. कुणाला काही सांगितले नाही. आजच्या विषयाचे बीज त्या काढलेल्या चिठ्ठ्यांत आहे. आपल्या किशोरवयीन वाङ्मयात मुलगी कोणत्या फळीवर ठेवली गेली, आणि का?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याला आपण किशोरावस्था म्हणतो, ती अवस्था आपल्याकडे मुलींच्या वाट्याला फार उशिरा आली. मुलगी बालपणातून थेट सासुरवाशीण होत असे. संमतिवयाचा कायदा 1891 साली झाला, तेव्हा मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली आणि तेवढ्यावरून महाराष्ट्रात रणे माजली. देवलांची ‘शारदा’ 1899 साली रंगभूमीवर आली. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या एका कोवळ्या मुलीची ती कहाणी. पुढे 1929 च्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा ठरवले. हरविलास सारडा यांच्या नावावरून त्याला सारडा कायदा म्हणत, पण मराठी माणसाच्या तोंडी तो ‘शारदा कायदा’च झाला. अठरा वर्षांची मर्यादा आली ती 1978 साली. ज्या वयाला समाजात जागाच नव्हती, त्या वयाची नायिका वाङ्मयात कुठून येणार?

तरी ती आली, आणि आश्चर्य असे की आरंभीच फार मोठ्या आवाजात आली. 1855 साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापला गेला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने धर्ममार्तंडांना सरळ प्रश्न विचारले. मराठीत छापल्या गेलेल्या किशोरीच्या पहिल्या शब्दांपैकी हे शब्द, आणि ते गाऱ्हाणे नव्हते, तो युक्तिवाद होता. पुढे दोनच वर्षांनी, 1857 साली, आपल्या शेजारच्या बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विधवांची दुःखे त्यात प्रथमच कादंबरीचा विषय झाली.

नंतर हरिभाऊ आपटे. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ 1890 पासून ‘करमणुकी’त क्रमशः येऊ लागली. संमतिवयाचा वाद पेटलेला असताना ती घरोघर वाचली जात होती. हरिभाऊंचे मोठेपण केवळ करुणेत नाही. त्यांनी यमूला प्रथमपुरुषी बोलते केले, हे त्यांचे मोठेपण. तापट वडील, सोशीक आई, समंजस दादा, हौसेने शिकवणारा नवरा, मैत्रीण दुर्गीचा विस्कटलेला संसार हे सारे आपण यमूच्या डोळ्यांनी पाहतो. ती चेष्टा करते, रुसते, घाबरते, चुकते. पुढे तिच्यावर केशवपनाचा अत्याचार होतो तेव्हा आपल्याला धक्का बसतो तो ‘एका विधवेला’ असे झाले म्हणून नव्हे. आपल्या ओळखीच्या यमूला झाले म्हणून. साचा मोडण्याचा याहून सोपा आणि याहून अवघड मार्ग मला माहीत नाही. मुलीला बोलू द्यावे, आणि ती बोलत असताना लेखकाने मध्ये येऊ नये.

विसाव्या शतकात मुलांसाठी स्वतंत्र वाङ्मय फोफावले. वा. गो. आपट्यांचा ‘आनंद’ 1906 पासून निघू लागला. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहून झाली. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घराघरांतले झाले. दोघेही पुढे दूरदर्शनवर आले. ही पुस्तके मी जिवापाड वाचली आणि वर्गात वाचून दाखवली. त्यांची थोरवी कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण वर्गातल्या मुली ती ऐकताना काय करत, हे मी पाहिले आहे. त्या मनातल्या मनात मुलगा होत. फास्टर फेणेच्या सायकलवर त्या डबलसीट बसत नसत, स्वतःच पायडल मारत. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ लिहिली, फाफेच्या कथांत माली आहे. मुली अगदीच नव्हत्या असे नाही. पण धाडसाची सूत्रे बहुधा मुलाच्या हाती राहिली. मुलगा घराबाहेर पडला की गोष्ट सुरू होते आणि मुलगी घराबाहेर पडली की काळजी सुरू होते, असा अलिखित नियम होता.

यातून तीन साचे पक्के झाले. पहिली गुणी मुलगी : भावाचा डबा भरणारी, आईच्या डोळ्यांतले पाणी ओळखणारी. दुसरी ‘मुलासारखी’ मुलगी : झाडावर चढणारी, शिट्टी वाजवणारी. हिचे कौतुक होते, पण त्या कौतुकात एक दंश आहे. धीटपणा हा मुलांचा, हिने तो उसना घेतला, असे ते कौतुक सांगते. तिसरी दुरून दिसणारी मुलगी : वर्गातल्या पुढच्या बाकावर बसणारी, नायकाच्या पहिल्या हुरहुरीचे कारण.

शांताबाई शेळक्यांनी लुईसा मे आल्कट यांची ‘लिटल विमेन’ ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणली, तेव्हा आमच्या कित्येक विद्यार्थिनींना पंधरा वर्षांची जो भेटली. रागीट, विसराळू, लिहिण्याच्या नादात जेवण विसरणारी. ती एकटी असती तर दुसऱ्या साच्यात बसली असती. पण तिच्याभोवती तीन बहिणी आहेत आणि चौघी चार तऱ्हांच्या आहेत. मुलगी होण्याची एकच रीत नसते, हे ते पुस्तक न सांगता सांगते. गंमत अशी की जोने अविवाहित राहावे असे खुद्द लेखिकेला वाटत होते. वाचकांना मात्र तिचे लग्न हवे होते, आणि शेवटी लग्न झाले. म्हणजे साचा केवळ लेखक घडवत नाहीत, तुम्ही-आम्ही वाचकही तो मागून घेतो.

आता आपल्या मातीकडे वळू. प्रकाश नारायण संत बेळगावचे. ‘वनवास’ 1994 साली आले, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन कानडीच्या शेजाराने वाढलेली जी मराठी बोलतो, ती छापलेली पाहून आपल्यापैकी अनेकांना आपले घर पुस्तकात सापडले. त्यातली सुमी ही मराठीतल्या अतिशय जिवंत मुलींपैकी एक. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळे’तली (2004) शिरोडकर तशीच. नववीतला मुकुंद जोशी आणीबाणीच्या दिवसांत तिला जसे पाहतो, तसे आपण तिला पाहतो. दोन्ही लेखक प्रामाणिक आहेत. मुलाच्या मनात मुलगी जेवढी दिसते तेवढीच त्यांनी दाखवली. पण पुस्तक मिटल्यावर मला नेहमी वाटते, सुमीच्या वहीत काय होते? शिरोडकर घरी गेल्यावर कुणाशी बोलली? ते पुस्तक कुणी लिहायचे? हा त्या लेखकांचा दोष नव्हे. हे आपले राहिलेले काम आहे.

आणि अशा मुली आपल्या गावात नव्हत्या काय? 1913 साली धारवाडात जन्मलेली एक मुलगी 1924 साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींसमोर गायली. शाळा लवकर सुटली. गाणाऱ्या घरातली म्हणून रस्त्यात टोमणे ऐकले. पुढे हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे गाणे शिकण्यासाठी जात राहिली. गंगूबाई हनगल आपल्याला पद्मविभूषण म्हणून ठाऊक आहेत. टोमणे ऐकत चालणारी अकरा-बारा वर्षांची गंगू मात्र कुणाही कुमार-कादंबरीची नायिका झालेली माझ्या वाचनात नाही. याच गावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात साऱ्या मुलांत एकट्या मुलीने शिक्षण घेतले. त्या सुधा मूर्ती. त्यांनी स्वतःच ते दिवस लिहून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. एरवी ‘मुलासारखी हुशार’ या दोन शब्दांत आपण त्यांना गुंडाळून ठेवले असते.

आता कबुली. नववीच्या वर्गाला मी एकदा गोष्ट लिहायला सांगितली. एका मुलीने लिहिले की नायिका रात्री एकटीच घराबाहेर पडते, रेल्वे वर्कशॉपच्या भिंतीपर्यंत चालत जाते, भोंगा ऐकते आणि परत येते. चोर नाही, संकट नाही, कुणी सोडवायला येत नाही. मी समासात लाल शाईने लिहिले, ‘मुलींना शोभेल असा विषय घ्यावा.’ माझा हेतू वाईट नव्हता. मला तिची काळजी वाटली. बाईंनी ती वही पाहिली आणि मला म्हणाल्या, “तिनं गोष्टीत पाऊल टाकलं होतं, तुम्ही तिला उंबऱ्यावरून आत घेतलंत.” त्या मुलीने त्यानंतर माझ्या तासाला नीटनेटके निबंध लिहिले. गोष्ट पुन्हा लिहिली नाही.

श्रोतेहो, एक शेरा एवढेच करू शकतो, आणि तेवढे पुरेसे असते. वाङ्मयातले साचे समीक्षकांच्या ग्रंथांत तयार होत नाहीत. ते वहीच्या समासात, कपाटावरच्या चिठ्ठीत, वाढदिवसाला दिलेल्या पुस्तकात तयार होतात. येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांत आता अनेक आई-वडील आहेत, काही आजी-आजोबा आहेत. आपल्या नातीने काही लिहिले, तर शुद्धलेखन जरूर तपासा. तिची नायिका कुठे निघाली आहे हे मात्र तिला विचारा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबा.

बाईंनी काढलेल्या त्या दोन चिठ्ठ्यांचे डिंकाचे डाग कपाटावर कितीतरी वर्षे होते. ते पुसावेत असे मला कधीच वाटले नाही.