ग्वाल्हेरच्या नावाची कंपनी

ग्वाल्हेरच्या बिर्लानगरकडे ज्यांचं येणंजाणं आहे, त्यांना बिर्लांची जे. सी. मिल वेगळी सांगायला नको. त्याच बिर्लांची दुसरी एक कंपनी १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यानंतर दहा दिवसांनी, आपल्या शहरात नोंदली गेली. नाव ग्वाल्हेर रेयॉन; आज तिला ग्रासिम म्हणतात.

आपल्या शहराचं नाव या कंपनीनं थेट केरळात नेलं. कोळिकोडजवळ मावूरला चालियार नदीच्या काठी तिचा लगद्याचा आणि मग धाग्याचा कारखाना उभा राहिला. तिथल्या सरकारनं बांबू टनाला एक रुपया भावानं द्यायचं कबूल केलं होतं. एक रुपया! नदी तर फुकटच. पाणी घ्या, सांडपाणी सोडा. हजारो लोकांना रोजगार मिळाला, ताळेबंद छान दिसू लागला.

पुढे मासे मेले, जंगलातला बांबू सरत आला. १९८५ ते ८८ कारखाना बंद राहिला आणि कामगारांच्या घरांची दैना झाली. नदीपलीकडच्या वाळक्काडचे पंचायत अध्यक्ष के. ए. रहमान नदीसाठी लढत राहिले. १९९९ साली ते कर्करोगानं गेले आणि त्याच वर्षी कारखान्याचं उत्पादन थांबलं. नदी हवी की नोकरी, यावर शेजारीशेजारी एकमेकांसमोर उभे ठाकले होते.

आता शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमानं बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि समाजाचा अहवाल द्यावा लागतो. चांगलंच आहे. पण त्या अहवालात पाणी एका प्रकरणात, कामगार दुसऱ्यात. नफा तर वेगळ्याच पुस्तकात. मावूरला ही तिन्ही खाती एकच होती. नफ्यातला काही भाग नदीनं आणि जंगलानं भरला होता, आणि शेवटचं बिल कामगारांच्या गळ्यात पडलं. म्हणून मी अहवाल उघडला की आधी एवढंच शोधतो, की या धंद्याला फुकट काय मिळतंय.

ग्रासिम आता आपल्या नागद्याच्या कारखान्यातलं सांडपाणी बाहेर न सोडता पुन्हा वापरल्याचं सांगते. त्याला खर्च येतो, आणि तो खर्च सोसूनही धंदा चालत असेल, तर बदल खरा मानायला हरकत नाही.

इथं ग्वाल्हेरातही एक प्रयोग सुरू आहे. लाल टिपाऱ्याच्या महापालिकेच्या गोशाळेत २ ऑक्टोबर २०२४ रोजी बायो-सीएनजी प्रकल्पाचं उद्घाटन झालं. रोज १०० टन शेण आणि त्यातून दोन-तीन टन गॅस, अशी त्याची क्षमता. उभारणीचा पैसा इंडियन ऑइलच्या सामाजिक निधीचा, म्हणजे प्रकल्पाला तो फुकटच मिळाला. त्यामुळे माझं लक्ष उद्घाटनापेक्षा पुढच्या काही वर्षांच्या जमाखर्चाकडे आहे. यंत्रांची दुरुस्ती, शेण उचलणाऱ्यांची मजुरी आणि गायींचा चारा, यातलं किती गॅस अन् खताच्या विक्रीतून निघतं, ते महापालिकेनं दरवर्षी छापावं.