मँगनीजचे विष : खाणीतून केळीच्या बागेत

(यावल येथे शेतकरी व शेतमजूर यांच्यापुढे केलेले भाषण)



यावलच्या सभेत मँगनीजवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मँगनीजच्या खाणी येथून दूर आहेत. भंडारा जिल्ह्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे, नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव येथे. परंतु केळीवरील करप्यासाठी जी पिवळसर भुकटी आपण पाण्यात कालवून फवारतो, ते मँकोझेब हे मँगनीज व जस्त यांचे संयुग आहे. शुद्ध मँकोझेबच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग मँगनीजच असतो.

मँगनीज शरीराला अत्यल्प प्रमाणात हवेच असते. अन्नातून आलेले जादा मँगनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातून गेलेली धूळ मात्र यकृताला वळसा घालून रक्तात उतरते आणि मेंदूच्या खोल भागात, हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रांत, साचते. 1837 साली ग्लासगोच्या जॉन कूपर या डॉक्टरने ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात मँगनीज दळणाऱ्या मजुरांत हा रोग प्रथम वर्णिला. प्रारंभी झोप उडते, माणूस चिडचिडा होतो, कारण नसता हसतो वा रडतो. चिलीतील खाणकामगार यालाच मँगनीजचे वेड म्हणत. पुढे चेहरा मुखवट्यासारखा थिजतो, बोलणे अडखळते, चवड्यांवर कोंबड्यासारखी चाल येते. काम सोडल्यावरही रोग वाढत राहू शकतो, आणि कंपवातावरची औषधे येथे फारशी लागू पडत नाहीत.

आपल्या देशात कायद्याने हा रोग केव्हाच मानला आहे. 1952 च्या खाण कायद्याखाली, त्याच साली, मज्जासंस्थेचा मँगनीज विषबाधा हा अधिसूचित रोग ठरला. कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीतही तो आला. ही मान्यता खाणी-कारखान्यांतील मजुराच्या वाट्याला आली, तीही बरीचशी कागदावर. पाठीवर पंप घेऊन बागेत शिरणारा तडवी वा पावरा रोजंदार कोणत्याच हजेरीपटावर नसतो. पंधरा वर्षांनी त्याचा पाय अडखळू लागला तर कोणत्या मालकाच्या दारी त्याने जावे? सालदाराला निदान एक दार ठाऊक असते.

हा केवळ तर्क आहे काय? 1988 साली ब्राझीलमधील डॉक्टरांनी मँकोझेबचेच भावंड असलेल्या मॅनेबचा दीर्घ संपर्क आलेल्या शेतमजुरांत मँगनीज विषबाधेसारखी लक्षणे नोंदवली. कोस्टा रिकात केळीच्या मळ्यांवर मँकोझेब विमानातून फवारले जाते. तेथे मळ्यांच्या अगदी लगत राहणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या केसांत दूर राहणाऱ्यांपेक्षा अधिक मँगनीज आढळले. एवढ्यावरून यावल-रावेरातील प्रत्येक कंपवाताचे खापर या भुकटीवर फोडणे चूक ठरेल. पण न तपासता धोका नाही असे सांगणेही तितकेच चूक आहे, आणि आज सर्रास तेच सांगितले जाते. युरोपीय संघाने 2020 च्या डिसेंबरात मँकोझेबची परवानगी नूतन केली नाही. त्यात प्रजननावरील दुष्परिणामांचे कारण प्रमुख होते. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या केंद्र सरकारने ज्या 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला त्यात मँकोझेब होते. 2023 च्या अंतिम आदेशात ते पूर्ण बंदीतून सुटले. शेतकऱ्याला दुसरे परवडणारे औषध नाही, हा युक्तिवाद खोटा नाही. पण मग फवारणाऱ्याच्या नाकातोंडाला रुमालाऐवजी योग्य मुखपट्टी द्यायला काय हरकत होती? 2017 साली यवतमाळात फवारणीने वीसहून अधिक माणसे दगावली. तेथे विषे वेगळी होती आणि मृत्यू तत्काळ आला, म्हणून निदान चौकशी तरी झाली.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सभांतून बोलली जात नाही. शरीरात लोह कमी असले की आतडी मँगनीज अधिक शोषतात. पंपाला पाणी पुरवणाऱ्या, भुकटी कालवणाऱ्या आपल्या बायकांत रक्तक्षय किती आहे हे तुम्ही जाणताच.

तेव्हा पहिली मागणी साधी आहे. फवारणीच्या हंगामाआधी व नंतर ग्रामपंचायतीने फवारणाऱ्यांची नोंदवही ठेवावी, आणि ग्रामीण रुग्णालयाने त्यांना तपासावे. स्त्रियांचे रक्तातील लोह पाहावे. मज्जासंस्थेच्या प्राथमिक पाहणीला यंत्र लागत नाही: माणसाला चार पावले मागे चालायला सांगावे, दोन ओळी लिहून घ्याव्यात, आणि पुढल्या वर्षी त्याच वहीत पुन्हा लिहून घ्याव्यात.