देठ शाबूत ठेवून



ऊती अभियांत्रिकी, मेंदूचं वार्धक्य आणि दीर्घायुष्य हे तीन विषय एका मांडवाखाली आणणाऱ्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी तुम्हा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करते.

स्वागताध्यक्षांनी आपल्या गावाबद्दल चार शब्द बोलावेत, असा रिवाज आहे. मी पुण्याची एकच गोष्ट सांगते. 1794 सालच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या कैदेत सापडला होता आणि तिथे त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला होता. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. कृती पत्रात नीट लिहिलेली आहे. नाकाच्या आकाराचा मेणाचा पातळ पत्रा करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. रक्त तिथून येत राहतं आणि कातडी जगते. नव्या जागी ती रुजली की मगच पट्टी कापायची.

सर्जन तिला पेडिकल म्हणतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना ‘देठ’ म्हणून शिकवलं. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये याच पद्धतीने नाक केलं आणि युरोपात ही विद्या पसरली. पुण्याच्या त्या कारागिराचं नाव पत्रात नाही. या परिषदेतला पहिला नमस्कार मी त्याला करते.

देठाची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण तुमच्या शास्त्राचं घोडं आजही तिथेच अडतं. पेशी वाढवण्याची विद्या आता चांगलीच हातात आली आहे. वेलीला मांडव घालावा तसा विरघळणाऱ्या धाग्यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर पेशी चढवायच्या. 1997 मध्ये पाठीवर माणसाच्या कानाच्या आकाराची कूर्चा वाढवलेल्या उंदराचं छायाचित्र जगभर गाजलं. अँथनी अटाला यांनी रुग्णांच्याच पेशींपासून मूत्राशयाची भिंत तयार करून ती बसवली आणि 2006 मध्ये अशा सात रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आपल्या देशात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत 2001पासून डोळ्याच्या कडेच्या मूलपेशी वाढवून भाजलेल्या, चुन्याने जळलेल्या डोळ्यांना पुन्हा दृष्टी देण्याचं काम झालं. पण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, आणि बाकीच्या ऊती पातळ. यकृत किंवा हृदय करायला घेतलं की आतली पेशी उपाशी राहते, कारण रक्तवाहिनीपासून केसाच्या एकदोन जाडींइतकं अंतर पडलं तरी तिला प्राणवायू पुरत नाही. देठ कुठून आणायचा, हा 1794चाच प्रश्न आहे.

माझं सगळं आयुष्य जळित रुग्णांच्या वॉर्डात गेलं. मांडीवरून कातडीचे पापुद्रे काढायचे, यंत्रातून त्यांना जाळी पाडायची, ती ताणून तिप्पट जागेवर पसरायची, हा रोजचा उद्योग. पण सत्तर टक्के भाजलेल्या बाईच्या अंगावर काढायला कातडीच उरलेली नसते. हॉवर्ड ग्रीन यांनी कातडीच्या टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यापासून अंगभर पुरेल इतकी कातडी वाढवता येते हे दाखवलं आणि 1983 मध्ये अमेरिकेत जवळजवळ संपूर्ण भाजलेले दोन लहान भाऊ त्या कातडीमुळे वाचले. त्यानंतरही कितीतरी वर्षं मी आमच्या वॉर्डात तशाच बायकांच्या उशाशी हात बांधल्यासारखी उभी राहिले. हे दुःख अजून गेलेलं नाही.

आता मेंदूकडे वळते. इथे मी डॉक्टर म्हणून कमी आणि मुलगी म्हणून जास्त बोलणार आहे.

माझ्या आईचा गुडघा तिच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. ती जिने चढू लागली, पर्वतीवर जाऊन आली. दोन वर्षांनी एका पहाटे साडेचारला ती दार उघडून स्वारगेटला चालत गेली. एसटीच्या कंडक्टरने विचारलं, “आजी, कुठं?” तिने अचूक सांगितलं, “वाईला, गणपती आळीत.” तिच्या वडिलांचा वाडा विकून चाळीस वर्षं झाली होती. आमचा पुण्याचा पत्ता मात्र तिला सांगता आला नाही. गळ्यातल्या माळेत अडकवलेल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता, म्हणून ती सापडली. ज्या गुडघ्याचा मला इतका अभिमान होता, त्याच गुडघ्यावर ती घरातून निघून गेली होती.

दीर्घायुष्याच्या चर्चेत मला ती पहाट आठवते. फ्रान्सच्या जान काल्माँ 122 वर्षं जगल्या. तेवढं आयुष्य पुढे अनेकांना मिळेलही. पण त्या वयात माणसाला आपल्या घराचा पत्ता सांगता येईल का?

मेंदूतही कलम करून पाहिलेलं आहे. स्वीडनमध्ये लुंड इथे 1987 मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत गर्भातल्या चेतापेशी घालायला सुरुवात झाली. काहींना अनेक वर्षं आराम पडला. पण कलमानंतर दहाहून अधिक वर्षांनी वारलेल्या काही रुग्णांच्या मेंदूंची तपासणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या तरुण पेशींमध्येही पार्किन्सनच्या खुणा आढळल्या. रोप नवं होतं, माती जुनी होती. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: इतर अवयव बदलता येतील, मेंदू सांभाळावाच लागेल. क्योतोमध्ये साध्या पेशीला पुन्हा मूलपेशी करण्याच्या यामानाका यांच्या तंत्राने बनवलेल्या पेशी सात पार्किन्सन रुग्णांना दिल्याचे निकाल 2025 मध्ये आले. ते उमेद देणारे आहेत आणि मला त्याचा आनंद आहे. पण या पेशी हालचालीचा बिघाड सावरतात. वाईच्या वाड्याची आठवण कुठल्याही प्रयोगशाळेत वाढवता येत नाही.

सांभाळण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024 मध्ये सांगितलं की ऐकू न येणं, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, अपुरं शिक्षण, दुर्लक्षित दृष्टिदोष अशा चौदा कारणांवर काम केलं तर स्मृतिभ्रंशाची जवळपास 45 टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात. आपल्या देशात साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या किती जणांच्या कानाची एकदा तरी तपासणी झाली असेल?

संशोधक मित्रांनो, निबंध वाचताना एवढं करा. तुमची कातडी, तुमची पेशी, तुमची चाचणी जिल्हा रुग्णालयात कधी आणि किती खर्चात पोचेल, हे एका वाक्यात सांगा. ते वाक्य ऐकायला इथे नर्सेस आणि तालुक्याचे डॉक्टर रजा टाकून आले आहेत.

निवास, भोजन आणि वाहनांची व्यवस्था आमचे स्वयंसेवक पाहत आहेत. काही कमी पडलं तर हक्काने सांगा. उद्या दुपारचं सत्र स्मृतिभ्रंश झालेल्यांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी आहे. घरी कुणाला तरी बसवून, तासा-दोन तासांची सवड काढून ही माणसं येणार आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या दोन रांगा मोकळ्या ठेवाव्यात आणि तुम्हीही त्यांचं ऐकायला थांबावं, ही माझी विनंती आहे.