न्युटेशन : शब्द एक, शास्त्रे चार
(वडनेर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



बारावीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, न्युटेशन हा शब्द मी भौतिकशास्त्रात वाचला. माझी आपा नर्सिंगला आहे, तिच्या पुस्तकातही तोच शब्द आहे. मग खरा अर्थ कोणता?" प्रश्न फार चांगला आहे. आजचे माझे बोलणे म्हणजे त्याचे उत्तरच समजा.

हा शब्द मूळ लॅटिन आहे. त्याचा अर्थ मान डोलावणे. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे सोपे होते.

प्रथम भोवरा घ्या. जाळी ओढून सोडलेला भोवरा किंचित कलतो. मग त्याचा आस स्वतःच एक सावकाश फेरी घेऊ लागतो. या फेरीला परांचन म्हणतात. नीट पाहिले तर ही फेरी घेता घेता भोवरा वरखाली बारीक माना डोलावतो. भौतिकशास्त्रातले न्युटेशन ते हेच.

आपली पृथ्वीही असाच एक भोवरा आहे. ती पुरती गोल नाही. विषुववृत्तावरचा तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त आहे. या फुगीर भागाला चंद्र-सूर्य ओढतात, म्हणून तिचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी घेतो. टॉलेमीने ही गती शंभर वर्षांत एक अंश मानली होती. दहाव्या शतकाच्या सुमारास अल-बत्तानी यांनी जुनी व स्वतःची निरीक्षणे ताडून ती ६६ वर्षांत एक अंश अशी काढली. आजचा आकडा सुमारे ७२ वर्षांचा आहे. जुन्या आकड्यावर न थांबता पुन्हा मोजून पाहणे, यालाच इल्म म्हणतात.

या मोठ्या फेरीत पृथ्वीही मान डोलावते. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. हे दोन मार्ग जिथे छेदतात, त्या बिंदूंना आपण राहू-केतू म्हणतो. ते बिंदू मागे सरकत १८.६ वर्षांत एक फेरा पुरा करतात. त्यामुळे चंद्राची ओढ बदलत राहते आणि पृथ्वीचा आस डोलतो. मराठीत यास अक्षांदोलन म्हणतात. हे डोलणे किती? कोनाच्या मापाने सुमारे ९ विकला. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे अर्ध्या किलोमीटरहून थोडे दूर धरले तर जेवढे दिसेल, तेवढेच!

एवढ्याशा गोष्टीने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण ताऱ्यांवरून अक्षांश काढताना ९ विकलांची चूक झाली, तर जमिनीवर पाऊण फर्लांग नव्हे, चांगले २८० मीटर अंतर चुकते. हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली मद्रासजवळ सुरू करणारा विल्यम लॅम्टन याला असला हिशेब सोडून चालण्यासारखे नव्हते. हैदराबादेहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो आपल्या हिंगणघाटात वारला. त्याची कबर तिथेच आहे. वडनेरच्या किती मुलांनी ती पाहिली आहे? याच मोजणीची नाजूक उपकरणे पुढे सय्यद मीर मोहसीन हुसेन या अर्काटच्या कारागिराने दुरुस्त केली. विलायती कारागीर परत गेल्यावर एव्हरेस्टने त्यांच्यावरच विश्वास टाकला. हाताचे कौशल्य हीदेखील तालीमच आहे.

आता शेतात या. वालाचा कोवळा शेंडा सकाळी एका बाजूला दिसतो, थोड्या वेळाने दुसऱ्या. देठाची एक बाजू जास्त वाढते, मग शेजारची, आणि त्यामुळे शेंडा हवेत गोल फिरतो. घेवड्याचा शेंडा उबदार हवेत सुमारे दोन तासांत एक फेरी करतो. डार्विनने मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने १८८० साली यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात आपल्या ओळखीच्या कपाशीच्या रोपाचेही निरीक्षण आहे. १९८३ साली सूर्यफुलाची रोपे अवकाशात नेली, तर वजन नसतानाही ती डोलतच राहिली. म्हणजे ही चाल रोपाच्या अंगातच आहे.

राहिले शरीरशास्त्र. पाठीच्या कण्याच्या शेवटी, कमरेच्या दोन हाडांमध्ये एक त्रिकोणी हाड असते, त्याला त्रिकास्थी म्हणतात. त्याचे वरचे टोक पुढे झुकते आणि खालचे मागे सरते, हे त्याचे न्युटेशन. हालचाल जेमतेम काही अंशांची. पण बाळंतपणात शेवटच्या वेळी याच हालचालीने खालची वाट रुंद होते. आपल्यातले बहुतेक जण याच वाटेने जगात आले!

म्हणजे त्या मुलाचेही खरे आणि त्याच्या आपाचेही खरे.

पालकांना शेवटी दोन शब्द. पृथ्वीचे हे डोलणे जेम्स ब्रॅडली या इंग्रज ज्योतिर्विदाने शोधले. १७२७ सालापासून तो तारे मोजत होता. कारण लवकरच त्याच्या ध्यानात आले होते. पण चंद्राचा पुरा फेरा पाहिल्याशिवाय त्याने ते जाहीर केले नाही. जाहीर केले ते १७४८ साली. वीस वर्षे थांबला तो! आणि आपण? मुलगा एका विषयात नापास झाला की त्याला गॅरेजवर पाठवतो. मुलगी दहावी झाली की "आता पुरे" म्हणतो. अर्धाच फेरा पाहून निकाल देतो.

वेलाचा शेंडा हवेत भटकताना दिसतो, पण तो वाया फिरत नसतो. तो आधार शोधत असतो. काठी सापडली की तो वर चढतो. मुलांचेही तसेच आहे. त्यांचे प्रश्न तोडू नका. थोडा धीर धरा, आणि जवळ एक काठी रोवून ठेवा.