लपविलेले दुखणे आणि आपले कर्तव्य
(संस्थेच्या कोल्हापूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात गुणवंतांचे कौतुक व्हावे, वधूवरांची माहिती मिळावी, हा आपला प्रघात. अशा मंगल प्रसंगी आम्ही एका आजाराविषयी बोलावयास उभे राहिलो, याची आपण क्षमा कराल. परंतु वधूवरसूचीच्या धाकानेच हा आजार घरोघरी लपविला जातो. म्हणून त्याविषयी बोलण्यास हीच जागा योग्य, असे आम्हांस वाटते.

या आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी सन १८६८ मध्ये त्याचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले. मेंदूत व पृष्ठरज्जूत ठिकठिकाणी कठीण व्रण पडतात, एवढाच त्या नावाचा अर्थ. शरीराची जी संरक्षक शक्ती जंतूंवर तुटून पडावयाची, तीच चुकून मज्जातंतूंवरील आवरण पोखरते. उसाच्या मळ्यात पाटाचे काठ फुटले, म्हणजे विहिरीला पाणी असूनही ते शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही. तशी मेंदूची आज्ञा वाटेतच विरते. एका डोळ्याने अंधुक दिसणे, हातापायांस बधिरता, तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे, विलक्षण थकवा, ही त्याची लक्षणे होत. बहुधा २० ते ४० या ऐन उमेदीच्या वयात तो प्रकट होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळतो.

त्याचा फसवेपणा असा की, पुष्कळदा तो येतो आणि आपोआप ओसरतो. आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या पुतणीस २४ व्या वर्षी उजव्या डोळ्याने अंधुक दिसू लागले. ज्योतिबास नवस केला, काढेही दिले. तीन आठवड्यांत दृष्टी परतली आणि आम्ही निर्धास्त झालो. वर्षभराने पायांस मुंग्या आल्या. लग्नाची बोलणी चालू होती. 'कोठे वाच्यता करू नकोस,' असे आम्ही वडीलधाऱ्यांनीच तिला बजावले. तेही ओसरले. तिसऱ्या खेपेस ज्योतिबाच्याच पायऱ्या चढताना ती कोसळली, आणि तो पाय पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. पुण्यास एम. आर. आय. काढला, तेव्हा त्यात जुने व्रणही दिसले. आमच्या श्रद्धेत दोष नव्हता. दोष होता तो आमच्या मौनात. आपोआप ओसरलेल्या दुखण्याचे श्रेय आम्ही शेवटच्या उपायास दिले, आणि मोलाची दोन वर्षे गमावली.

म्हणून अशी लक्षणे एक दिवसाहून अधिक टिकली, तर मेंदू व मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टकडे जावे. कोणते लक्षण कधी आले व किती दिवस राहिले, हे तारखांसह वहीत लिहून न्यावे. जुन्या फिल्म सोबत घ्याव्यात. जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव किंवा यासारखाच दिसणारा दुसरा विकार तर नाही ना, हे तज्ज्ञ पाहतात. कधी पाठीच्या कण्यातील पाणी तपासतात. तीव्र झटक्यात तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड देतात. त्याने झटका लवकर ओसरतो, पण पुढचा थांबत नाही. पुढच्या झटक्यांची संख्या कमी करणारी औषधे वेगळी. त्यांतील पहिले अमेरिकेत सन १९९३ मध्ये मान्य झाले. आज तोंडाने घ्यावयाची व शिरेतून द्यावयाचीही आहेत. आजार समूळ जात नाही, तरी ती वेळीच सुरू केल्याने पुढील हानी पुष्कळ टळते. बरे वाटले म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. खर्च जड असतो. तो डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावा. व्यायामतज्ज्ञाचा सल्लाही तितकाच आवश्यक. कढत पाण्याने किंवा वैशाखातील उन्हाने लक्षणे तात्पुरती वाढतात, हेही ध्यानी ठेवावे.

आता विवाहाचा प्रश्न. हा रोग स्पर्शाने होत नाही. आईस असला तरी मुलास होण्याचा संभव शेकडा दोनच्या आसपास. मातृत्वासही तो आड येत नाही. मात्र काही औषधे आधी थांबवावी लागतात, म्हणून डॉक्टरांच्या विचारानेच पाऊल टाकावे.

मुंबईच्या पारशी समाजातील या आजाराच्या प्रमाणाचा अभ्यास सन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. समाजाने दार उघडले, तरच असे ज्ञान हाती येते. सन १९८५ मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांस साह्य करते. तिची शाखा पुण्यासही आहे. सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा स्पष्ट समावेश आहे; अपंगत्व शेकडा ४० किंवा अधिक ठरल्यास त्याचे लाभ मिळू शकतात.

शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने या नगरीत सन १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातील मुलास शिक्षणासाठी हक्काचे छप्पर मिळाले. त्याच वळणावर आमची विनंती आहे की, संस्थेने रुग्णाच्या तपासणीसाठी व पुण्या-मुंबईच्या प्रवासासाठी एक लहानसा निधी काढावा, आणि सोबत जाण्यास एक कार्यकर्ता नेमावा. आमच्या पुतणीच्या संमतीनेच आम्ही आज हे बोललो. 'काका, माझे झाले ते झाले. दुसऱ्या मुलीचे लपवू देऊ नका,' असा तिचा निरोप आहे. तो आपणापर्यंत पोचविला, आमचे काम झाले.