डोंगरवाटेवरील छायाचित्रण : ट्रायपॉड आणि रिमोट शटर

सह्याद्रीच्या गडकोटांवर कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांची संख्या अलीकडे पुष्कळ वाढली आहे. पिशवींत पाणी, शिधा, पांघरूण आणि कॅमेरा भरून झाला म्हणजे त्यांपैकीं बहुतेकांपुढें एक प्रश्न उभा राहतो : ट्रायपॉड बरोबर घ्यावा कीं घरीं ठेवावा? घेतला तर चढणीवर त्याचें ओझें होतें. ठेवला तर पहांटेच्या मंद उजेडांत चित्र हालतें आणि रात्रभराची पायपीट व्यर्थ जाते. या प्रश्नाचा विचार नीट केला पाहिजे. कारण त्यांत केवळ पैशाचाच नव्हे, तर कड्याच्या कांठावर उभें राहणाऱ्या माणसाच्या जिवाचाहि संबंध येतो.

जुन्या काळीं ओझ्याचा विचार निराळ्या रीतीनें होई. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ सालीं हिंदुस्थानांत आला आणि त्यानें हिमालयांत तीन मोठ्या सफरी केल्या. त्या वेळच्या पद्धतींत कांचेवर कोलोडियनचा थर देऊन ती कांच ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे व लगेच धुवावें लागे. त्यामुळें अवजड कॅमेरा, तिवई, कांचा, रसायनें आणि अंधाराचा तंबू हा सारा संसार हमालांच्या पाठीवर चाले. १८६६ सालीं १८,००० फुटांहून अधिक उंचीच्या मणिरंग खिंडींत त्यानें चित्रें घेतलीं, तीं अशा सरंजामाच्या बळावर. आजचा हौशी छायाचित्रकार मात्र स्वतःच आपला हमाल असतो. तेव्हां ट्रायपॉडची पहिली कसोटी दुकानांत होत नाहीं. ती चार तासांच्या चढणीनंतर खांद्यावर होते.

ट्रायपॉड मुळांत लागतो कशाला, हें आधीं समजून घ्यावें. हातांतल्या कॅमेऱ्यासंबंधीं एक जुना ठोकताळा आहे. भिंगाचें केंद्रांतर ५० मिलिमीटर असेल, तर शटर १/५० सेकंदापेक्षां अधिक वेळ उघडें ठेवूं नये. २०० मिलिमीटर असेल, तर १/२०० सेकंदापेक्षां. हल्लींच्या कॅमेऱ्यांत कंप शोषून घेणारी योजना असते, व तिच्या साहाय्यानें कसलेला हात रुंद भिंगाचें चित्र १/४ सेकंदापर्यंतहि निभावून नेतो. परंतु ओढ्याचें पाणी रेशमाच्या लडीसारखें दिसावें अशी इच्छा असेल, तर अर्धा ते दोन सेकंद लागतात. सूर्योदयापूर्वींच्या निळसर उजेडांत याहूनहि अधिक. आणि ताऱ्यांनीं भरलेल्या आकाशास वीस-पंचवीस सेकंद. येथें हाताचें कांहीं चालत नाहीं.

उलट, कांहीं दृश्यें अशीं असतात कीं तेथें ट्रायपॉडची अडचणच व्हावी. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्याखालीं धुकें दाटलेलें असावें, पाठीमागें सकाळचा सूर्य असावा, म्हणजे पाहणाऱ्याच्या सावलीभोवतीं सप्तरंगी कडें उमटतें. त्यास इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स यानें १८३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत त्याचें वर्णन केलें आहे. हा देखावा धुक्याच्या लाटेबरोबर येतो आणि तिच्याबरोबर विरतो. उजेड भरपूर असतो. ट्रायपॉडचे पाय उलगडीत बसणाऱ्याला अशा वेळीं हात चोळीतच परतावें लागतें. सारांश, पहांट, संध्याकाळ, रात्र किंवा वाहतें पाणी यांपैकीं कांहींच टिपावयाचें नसेल, तर ट्रायपॉड खुशाल घरीं ठेवावा.

तीन बिंदूंतून एकच प्रतल जातें, हें शाळेंतील भूमितींत सर्वांनीं शिकलेलें असतें. चार पायांचें टेबल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतें आणि तीन पायांची तिवई डुगडुगत नाहीं, याचें कारण हेंच. परंतु न डुगडुगणें निराळें आणि न कांपणें निराळें. ट्रायपॉडचा पाय एकांत एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो. या नळ्या तीन असतात, चार असतात, पांचहि असतात. त्या जितक्या अधिक, तितका ट्रायपॉड मिटल्यावर आंखूड होतो. पण शेवटची नळी तितकीच बारीक राहते व वाऱ्यांत थरथरते. डोंगरासाठीं चार नळ्यांचा, मिटल्यावर सुमारें ४५ ते ५० सेंटिमीटर भरणारा ट्रायपॉड सोयीचा पडतो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढतांना दोन्ही हात मोकळे हवेत, आणि पिशवीच्या वर डोकावणारा लांबलचक ट्रायपॉड शिडींत किंवा कारवीच्या झुडपांत अडकला तर तोल जाण्याचें भय असतें. तो पिशवीच्या एका बाजूस घट्ट बांधावा व दुसऱ्या बाजूस पाण्याची बाटली ठेवून वजन सारखें करावें.

वजनाविषयीं टोकाला जाऊं नये. एक किलोच्या आंतले ट्रायपॉड हातांत घेतांना सुखाचे वाटतात. पण कड्यावरच्या वाऱ्यांत त्यांचा निभाव लागणें कठीण. दोन किलोंच्या वरचा ट्रायपॉड स्थिर खरा, परंतु दुसऱ्या-तिसऱ्या सफरीनंतर तो घरच्या कोपऱ्यांत उभा राहूं लागतो. डोक्यासह सव्वा ते पावणेदोन किलो, ही मध्यम वाट होय. ॲल्युमिनिअम स्वस्त असतें. आपटलें तर त्याला पोंचा येतो, पण तें सहसा मोडत नाहीं. कार्बन फायबर त्याहून हलकें असतें व त्यांतला कंप लवकर शमतो. मात्र किंमत पुष्कळ अधिक, आणि दगडावर जोरानें आदळल्यास तें तडकण्याचा संभव असतो. ट्रायपॉड किती वजन पेलतो याचा जो आंकडा छापलेला असतो, तो कॅमेरा व भिंग यांच्या एकत्र वजनाच्या दुप्पट-तिप्पट असावा. मधला दांडा शक्यतों वर काढूंच नये. तो वर काढला कीं कॅमेरा एका काठीवर राहतो व तीन पायांचा लाभ नाहींसा होतो. म्हणून दांडा न उचलतां कॅमेरा हनुवटीपर्यंत येईल एवढी पायांची उंची पाहून घ्यावी. डोकें बॉल हेड पद्धतीचें घ्यावें. तें एकाच स्क्रूनें आंवळतां येतें व वजनांतहि आटोपशीर असतें.

ट्रायपॉड उभा करण्यांतहि कौशल्य आहे. उतारावर दोन पाय खालच्या अंगास व एक वरच्या अंगास ठेवावा. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर रबरी टोकें चांगलीं धरतात; गवतांत व मातींत अणकुचीदार टोकें रुततात. वारा असेल तर मधल्या दांड्याखालच्या आंकड्याला पिशवी अडकवावी, पण ती जमिनीला टेंकलेली असूं द्यावी. लोंबकळती पिशवी झोंके घेऊं लागली म्हणजे ट्रायपॉडलाहि हालविते. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यावर फडफडूं देऊं नये. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर, ज्याचा २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशांत समावेश झाला, फुलांच्या ताटव्यांत ट्रायपॉडचे पाय रोवणें हा अपराधच समजावा. पुरातत्त्व खात्यानें संरक्षिलेल्या वास्तूंत ट्रायपॉड लावण्यापूर्वीं परवानगीची चौकशी करावी. घरीं आल्यावर चिखललेले पाय स्वच्छ पाण्यानें धुऊन, पुसून व उघडे ठेवून वाळवावे.

आतां रिमोट शटरविषयीं. उत्तम ट्रायपॉडवर ठेवलेला कॅमेराहि बटण दाबणाऱ्या बोटाच्या धक्क्यानें हालतो, म्हणून दुरून शटर सोडण्याची सोय हवी. परंतु एकच स्थिर देखावा घ्यावयाचा असेल, तर कॅमेऱ्यांतलें दोन सेकंदांचें घड्याळ तेंच काम फुकट करतें. रिमोटची खरी गरज दोन ठिकाणीं पडते : लाट, पक्षी किंवा ढगांतून फुटणारा किरण नेमक्या क्षणीं टिपावयाचा असतांना, आणि शटर तीस सेकंदांहून अधिक वेळ उघडें ठेवावयाचें असतांना, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत स्वतःहून तीस सेकंदांपलीकडे जाण्याची सोय नसते. तारेचा रिमोट साधा व भरंवशाचा असतो. मात्र त्याचें टोंक आपल्याच कॅमेऱ्यांत बसतें कीं नाहीं, हें घेण्यापूर्वीं तपासावें. इन्फ्रारेड रिमोटला कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर यावें लागतें व भर उन्हांत तो दगा देतो. रेडिओ लहरींवर चालणारा रिमोट हीं बंधनें पाळीत नाहीं. त्यासाठीं जादा बॅटरी मात्र जवळ ठेवावी. मोबाइल फोननेंहि शटर सोडतां येतें. पण गडावर त्या फोनची बॅटरी संकटकाळासाठीं राखणें शहाणपणाचें.

बिनतारी रिमोटचा एक गुण जाहिरातींत क्वचितच सांगितलेला असतो. ट्रायपॉड कड्याच्या कांठापासून दोन हात आंत लावावा, दृश्य जुळवावें, आणि मग माणसानें मागें सरून निर्धास्त बसावें. भिंगांतून पाहतां पाहतां पुढें सरकणाऱ्या पायांना कांठ दिसत नाहीं. ट्रायपॉड आणि कडा यांच्या मधून कधींहि जाऊं नये. आणि वारा ट्रायपॉड पाडूं लागला तर त्याच्यामागें धांवूं नये. कॅमेरा पुन्हां घेतां येतो. वळवाचा गडगडाट कानीं पडतांच ट्रायपॉड मिटून माथा सोडावा. ॲल्युमिनिअम व कार्बन दोन्ही विजेचे वाहक आहेत.

ज्यांना ट्रायपॉड घ्यावयाचा आहे त्यांनीं पैशाचा मोठा वांटा पायांवर व डोक्यावर खर्च करावा, रिमोटवर थोडका. दुकानांत कॅमेरा चढवून, पाय पूर्ण उघडून हळूच एक टिचकी मारावी, आणि पडद्यावर मोठें केलेलें दृश्य किती लवकर स्थिरावतें तें पाहावें. शक्य तर आधीं एखाद्या स्नेह्याचा ट्रायपॉड मागून घ्यावा, तो भरल्या पिशवीला बांधावा आणि पुणेकरांनीं सिंहगड, इतरांनीं आपल्या गांवाजवळचा डोंगर एकदां चढून यावें. कोणता ट्रायपॉड घ्यावा, याचा निकाल त्या एका चढणींत लागेल.