हत्तीरोग : लक्षणे आणि आपला संकोच
(घाटकोपर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



वधूवरांच्या टिपणांत गोत्र, शिक्षण, मुंबईतील जागा, सारे लिहिले जाते. घरातील वडीलधाऱ्यांचा सुजलेला पाय मात्र दडविला जातो. तो दिसलाच, तर ‘घराण्यात हत्तीरोग आहे’ असे म्हणून ठरत आलेला विवाह मोडतो. ही समजूत निराधार आहे, हे आम्हांस प्रथम सांगावयाचे आहे. हा रोग आनुवंशिक नाही. तो क्यूलेक्स डासाच्या दंशाने येतो. हा डास गटारे, नाले व शौचकूपांच्या टाक्या यांतील घाण पाण्यात वाढतो, आणि अंधेरी-बोरिवली काय किंवा मुलुंड काय, तशा पाण्याची आपणांस वाण नाही! या रोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली चीनमधील अमॉय येथे दाखविले. रॉस यांच्या हिवतापावरील शोधापूर्वी तब्बल वीस वर्षे.

सुतासारखे हे जंत आपल्या लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात, आणि बहुधा काहीच जाणवत नाही. पुढे केव्हातरी थंडी वाजून ताप येतो, जांघेत अवधाण येते, पायावर तांबडी दुखरी रेघ उमटते. चार-सहा दिवसांत सारे ओसरते. म्हणून तो हिवताप समजून विसरला जातो. मग सायंकाळी घोट्याशी सूज येते व सकाळी उतरते. याच वेळी वैद्यकीय सल्ला घ्यावयाचा, कारण पुढे सूज उतरेनाशी होते व कातडी जाड होते. पुरुषांत अंडवृद्धी होते; धोतराआड ती दहा-दहा वर्षे लपविणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. ती शस्त्रक्रियेने बरी होते. क्वचित लघवी दुधासारखी होते.

हे जंतू रक्तात रात्री उतरतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाचे रक्त रात्री दहानंतर घेतात. भारतात १९५५ पासून या रोगाविरुद्ध राष्ट्रीय योजना आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या बाजूस ज्यांची गावे आहेत, त्यांनी तेथे वाटल्या जाणाऱ्या सामुदायिक गोळ्या टाळू नयेत. गर्भवती, दोन वर्षांखालील मुले व गंभीर आजारी यांना मात्र त्या देत नाहीत.

पाय सुजलेलाच असेल, तर तो रोज साबणाने धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, बसताना पाय उंचावर ठेवावा. तापाच्या उलट्या फेऱ्या बहुधा बेचक्यांतील चिरांवाटे शिरणाऱ्या जंतूंमुळे येतात, व प्रत्येक फेरीने सूज वाढते. घरातील सुनांनी-मुलांनी हे काम हाती घ्यावे. वाकता न येणाऱ्या वृद्धांस ते एकट्याने साधत नाही.